टोकावरचा हिशेब

० ते १ या अंतरात १/√क्ष या फंक्शनचा आलेख काढला, तर तो डावीकडे शून्यापाशी कागद सोडून वर निघून जातो. उंचीला मर्यादाच नाही. तरीही त्याच्याखालचं क्षेत्रफळ नेमकं २ भरतं. कॅल्क्युलस शिकलेल्या माणसाला हे दोन ओळींत काढता येतं. पण प्रत्यक्ष कामात भेटणाऱ्या बहुतेक फंक्शन्सचं इंटिग्रेशन सूत्राने होत नाही. तिथे अंतराच्या पट्ट्या पाडायच्या, प्रत्येक पट्टीचं क्षेत्रफळ अदमासे काढायचं आणि बेरीज करायची, हे काम संगणकाकडून करून घ्यावं लागतं. अशा फंक्शनला मध्येच किंवा टोकाला सिंग्युलॅरिटी असली, म्हणजे एखाद्या बिंदूपाशी ते अमर्याद वाढत असलं, तर काय करायचं, यावर काम करणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, आधी कागद-पेन्सिल घ्या आणि त्या बिंदूपाशी काय चाललंय ते समजून घ्या. दुसरा म्हणतो, संगणक वेगवान आहेत, तयार प्रोग्रॅम उत्तम आहेत, त्यांना त्यांचं काम करू द्या.

हे दोन पंथ मी इथे एका मावशी आणि तिच्या भाचीच्या तोंडी दिले आहेत. मावशीने बरीच वर्षं कॉलेजात गणित शिकवलं. भाची धातूच्या भागांमधल्या भेगांचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर लिहिते. दोघी कल्पित आहेत, आकडे मात्र कुणालाही करून पाहता येतील असे आहेत.

भाची: मावशी, मी मुद्दाम सगळ्यांत साधी पद्धत घेतली. ० ते १ चे सारखे भाग पाडले, प्रत्येक भागाच्या मध्यबिंदूवर १/√क्ष ची किंमत काढली आणि बेरीज केली. मध्यबिंदू घेतला की शून्यावर जावंच लागत नाही, त्यामुळे शून्याने भागायची वेळ येत नाही. १०० भागांना उत्तर आलं १.९३९५, १०,००० भागांना १.९९४०, १० लाख भागांना १.९९९४. उत्तर २ कडेच चाललंय. मग सिंग्युलॅरिटीची एवढी धास्ती कशाला घ्यायची?

मावशी: चाललंय खरं, पण कोणत्या चालीने? भाग शंभरपट केलेस आणि चूक फक्त दहापट घटली. इथे चूक येते ती साधारण ०.६०५ भागिले भागांच्या संख्येचं वर्गमूळ इतकी. म्हणजे एक दशांश स्थळ जास्त हवं, तर शंभरपट काम. हीच पद्धत एखाद्या गुळगुळीत फंक्शनला लाव. भाग शंभरपट केलेस की चूक दहा हजारपट घटते. सिंग्युलॅरिटीने तुझी पद्धत चुकवली नाही, पण तिची सगळी ताकद काढून घेतली.

भाची: ताकद विकत मिळते. १० लाख बेरजा करायला माझ्या लॅपटॉपला सेकंदाचा अगदी छोटा भाग लागतो. तू कागदावर विचार करायला जी दहा मिनिटं घेशील, त्यात तो काय काय करून ठेवेल!

मावशी: बरं. मग घातांक तेवढा बदल. १/√क्ष म्हणजे क्ष चा −०.५ घात, त्याऐवजी −०.९९ घात घे. याच्याखालचं क्षेत्रफळ १ भागिले ०.०१, म्हणजे १००. तुझ्या पद्धतीने काढून दाखव.

भाची: १०० भागांना ६.३६. १० लाखांना… १४.६०.

मावशी: शंभरापैकी साडेचौदा. आता −१ घात घे, म्हणजे सरळ १/क्ष.

भाची: १०० भागांना ६.५७, १० लाखांना १५.७८.

मावशी: १/क्ष च्या खालचं क्षेत्रफळ अनंत आहे. आता हे दोन आकडे शेजारी ठेव, १४.६० आणि १५.७८. पहिल्याला शंभरावर जाऊन थांबायचंय, दुसरा कधीच थांबणार नाही. नुसत्या आकड्यांकडे बघून कोणता कुठला ते सांगता येईल तुला?

या दोन आकड्यांपाशी वाचकानेही थोडं थांबावं, कारण माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथेच आहे. −०.९९ च्या उदाहरणात खऱ्या उत्तराच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे ५० पर्यंत पोचायलाही एकावर २९ शून्यांहून जास्त भाग लागतात. सेकंदाला १०० कोटी बेरजा करणारा संगणक घेतला, तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या शेकडो पट वेळ जाईल. आणि संगणक यात कुठेही अडखळत नाही, इशारा देत नाही. १/क्ष ला तर उत्तरच नाही, पण प्रत्येक वेळी एक व्यवस्थित, सांत आकडा पडद्यावर येतो. उत्तर आहे की नाही, हा प्रश्न त्या बेरजेत विचारलेलाच नसतो.

भाची: −०.९९ हे तू मला पकडायला शोधलेलं उदाहरण आहे. निसर्गात असे घातांक कुठे भेटतात? माझ्या कामात बहुतेक वेळा वर्गमूळच भेटतं.

मावशी: वर्गमूळ भेटतं हे तुला माहीत आहे, एवढंच मला हवंय. कारण वर्गमूळ आहे हे कळलं की क्ष च्या जागी य² टाकता येतो. १/√क्ष चा होतो १/य, आणि क्ष च्या बारीक तुकड्याच्या जागी येतो २य पट य चा तुकडा. गुणाकार २. नुसता स्थिरांक! अनंतापर्यंत जाणारा आलेख एका आडव्या रेषेत बदलला. −०.९९ लाही हेच औषध आहे, क्ष च्या जागी य चा शंभरावा घात टाक, सगळं फंक्शन १०० हा स्थिरांक होऊन बसतं.

भाची: ही दोन्ही उदाहरणं सूत्राने सुटतातच.

मावशी: मग न सुटणारं घे. ० ते १ मध्ये कोसाइन क्ष भागिले √क्ष. तुझे १०,००० मध्यबिंदू घेतले तर चूक तिसऱ्या दशांश स्थळात, साधारण ०.००६. मी क्ष = य² केलं की आत उरतं २ कोसाइन य², एकदम गुळगुळीत. त्याला शाळेतला सिम्पसनचा नियम लावला, चारच भाग पाडून, म्हणजे पाच बिंदू. उत्तर १.८०९००. खरं उत्तर १.८०९०५. तुझ्या दहा हजार बिंदूंपेक्षा माझे पाच बिंदू शंभरपटींहून अधिक अचूक.

भाची: कबूल. पण मधला एक रस्ता आहे, तो बघ. सब्स्टिट्यूशन काहीच करायचं नाही. मध्यबिंदूची पद्धत दोनदा चालवायची. १०० भागांना १.९३९५१, ४०० भागांना १.९६९७६. भाग चौपट केले की चूक निम्मी होते, म्हणून दुसऱ्याची दुप्पट करून पहिला वजा करायचा. २.००००. चार दशांशांपर्यंत बरोबर, आणि एकूण ५०० बिंदू. रिचर्डसनची जुनी युक्ती. यात मला फंक्शनच्या पोटात हात घालावा लागला नाही.

मावशी: युक्ती फार सुंदर आहे, मला ती मनापासून आवडते. पण चूक निम्मी होते, हे तू कशावरून ठरवलंस? घातांक −०.५ आहे, यावरून. म्हणजे टोकाशी काय चाललंय ते विचारूनच तू पुढे गेलीस. −०.९९ ला हीच वजाबाकी केलीस तर हाती काही लागणार नाही.

भाची: आता माझी अडचण ऐक. माझ्याकडे फंक्शन सूत्राच्या रूपात येतच नाही. एक प्रोग्रॅम असतो, त्याला बिंदू दिला की तो किंमत देतो. एका हिशेबात असे हजारो इंटिग्रल लागतात, एकेकाला घेऊन मी कागदावर बसू शकत नाही. आणि सिंग्युलॅरिटीकडे काणाडोळा करायला गणितज्ञांचीही हरकत नाही. फिलिप डेव्हिस आणि फिलिप राबिनोविट्झ या दोघांनी १९६५ मध्ये नेमक्या याच विषयावर निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच सिंग्युलॅरिटीकडे दुर्लक्ष करण्याची गोष्ट आहे.

मावशी: निबंध मला माहीत आहे. त्यात अट काय आहे तेही सांग. टोकाकडे जाताना फंक्शन एकाच दिशेने चढत असेल, तर दुर्लक्ष करूनही उत्तर खऱ्याकडे जातं. मघाशी तुझी बेरीज २ कडे गेली ती म्हणूनच. पण चढता-उतरता, थरथरत जाणारं फंक्शन असेल तर ही हमी नाही. आणि सिंग्युलॅरिटी टोकाला नसून मध्येच कुठे तरी असेल, तर धोका आणखी मोठा. समज, १०,००० भाग पाडलेस आणि त्यातला एक मध्यबिंदू योगायोगाने सिंग्युलॅरिटीपासून १०⁻¹⁴ इतक्या अंतरावर पडला. १/√ जातीची सिंग्युलॅरिटी तिथे १ कोटी ही किंमत देईल. तिला ०.०००१ या पट्टीच्या रुंदीने गुण. एका पट्टीतून १,००० येऊन बसले, सगळं उत्तर दोन-चारच्या घरात असताना. भाग थोडे वाढवलेस की ते हजार नाहीसे होतील, पुढे पुन्हा केव्हा तरी उगवतील.

भाची: म्हणून तर सारख्या पट्ट्या आता कुणी पाडत नाही. जिथे फंक्शन वेडंवाकडं वागतं तिथे पट्ट्या आपोआप बारीक करत जाणारे प्रोग्रॅम आहेत. क्वाडपॅक हा अशा प्रोग्रॅमचा संच १९८३ मध्ये पुस्तकरूपाने आला, आणि आज पायथनमध्ये इंटिग्रेशनचा नेहमीचा आदेश दिला की आत तोच चालतो. पट्ट्या बारीक होताना येणाऱ्या उत्तरांची मालिका कुठे चालली आहे, हे तो पीटर विनच्या १९५६ सालच्या एप्सिलॉन अल्गोरिदमने ताडतो. घातांक विचारत नाही.

मावशी: टोकाच्या सिंग्युलॅरिटीला ते उत्तम चालतं, मी स्वतः वापरते. मध्ये कुठे सिंग्युलॅरिटी असेल, तर त्याच प्रोग्रॅमच्या संचात ती जागा आधी सांगायची सोय आहे. ती सोय ज्यांनी ठेवली, त्यांना प्रोग्रॅम किती ओळखू शकतो आणि किती नाही याचा अंदाज होता. पण मला तुझ्याशी अचूकतेबद्दल वाद घालायचाच नाहीये. तू सिंग्युलॅरिटीला अडथळा समजतेस, माझं भांडण त्याच्याशी आहे. लंबकाचं उदाहरण घेऊ या.

भाची: घे.

मावशी: दोरीऐवजी ताठ, हलक्या दांडीचा लंबक घे. ९० अंशांपर्यंत वर नेला आणि सोडला. टोकापासून मधोमध यायला त्याला किती वेळ लागेल? वाटेवरचा प्रत्येक बारीक तुकडा घ्यायचा, त्या जागच्या वेगाने भागायचा, आणि सगळ्या भागाकारांची बेरीज करायची. टोकाला वेग शून्य आहे. म्हणजे भागाकार अनंत. ही झाली सिंग्युलॅरिटी, आणि ती कुठल्या प्रोग्रॅमरच्या हलगर्जीपणातून आलेली नाही. लंबक तिथे खरोखर थांबतो.

भाची: थांबतो, पण लगेच परततो.

मावशी: का परततो, ते घातांकात आहे. टोकापासून थोडं आत आलं की वेग त्या अंतराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून भागाकार १/√क्ष जातीचा, आणि त्याची बेरीज सांत. आता लंबक १८० अंशांवर, म्हणजे अगदी डोक्यावर उभा नेण्याइतकी ऊर्जा दे, रतीभरही जास्त नाही. त्या माथ्यापाशी वेग अंतराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात नसतो, सरळ अंतराच्याच प्रमाणात असतो. भागाकार १/क्ष. बेरीज अनंत. म्हणजे तो लंबक माथ्याकडे सरकत राहील आणि कधीच पोचणार नाही. ९० अंशांच्या झोक्याला छोट्या झोक्याच्या १.१८ पट वेळ लागतो, १७९ अंशांच्या झोक्याला ३.९० पट, आणि १८० ला वेळच नाही. मघाशी तुझ्या पडद्यावर १४.६० आणि १५.७८ असे जवळजवळ सारखे आकडे होते. एक परत येणाऱ्या लंबकाच्या बाजूचा होता, दुसरा कधीच न पोचणाऱ्याच्या.

भाची: आणि तुझं सब्स्टिट्यूशन इथे काय करतं?

मावशी: लंबकाच्या कोनाच्या निम्म्याची साइन घ्यायची आणि ती एका नव्या कोनाच्या साइनच्या पटीत लिहायची, अशी की लंबक टोकाला असताना नवा कोन बरोबर ९० अंश व्हावा. सिंग्युलॅरिटी निघून जाते. ९० अंशांच्या झोक्यासाठी आतलं फंक्शन १ आणि १.४१४ यांच्यामध्ये शांतपणे चढतं. त्याला समलंब चौकोनांचा नियम लाव, जो पुस्तकांत सगळ्यांत ढोबळ म्हणून आधी शिकवतात. चार पट्ट्या, पाच बिंदू. उत्तर १.८५४०७५. खरं उत्तर १.८५४०७४७. पाच बिंदूंत सहा दशांश स्थळं!

भाची: समलंब नियमाकडून? हे कसं?

मावशी: नवं फंक्शन आवर्ती आहे, आणि आपण त्याच्या आवर्तनाचा बरोबर सममित अर्धा भाग घेतलाय. आवर्ती आणि गुळगुळीत फंक्शनवर समलंब नियमाची चूक घातांकी वेगाने घटते. पट्ट्या दुप्पट केल्या की बरोबर आलेली स्थळं साधारण दुप्पट होतात. दोनच पट्ट्या घेतल्या असत्या तर १.८५४९६ आलं असतं. सिंग्युलॅरिटी आधी समजून घेतली म्हणून हा नियम इतका तेज चालला.

इथे मला भाचीची बाजू थोडी पुढे न्यावीशी वाटते, कारण तिच्या क्षेत्रात मावशीच्या म्हणण्याला लंबकापेक्षाही बळकट आधार आहे, आणि तो तिनेच दिलेला बरा.

भाची: तू अडथळा म्हणालीस, ते माझ्या बाबतीत तरी खरं नाही, मावशी. धातूच्या पत्र्यात भेग असेल तर भेगेच्या टोकापासून र अंतरावर ताण १/√र च्या प्रमाणात वाढतो. एम. एल. विल्यम्स आणि जॉर्ज अर्विन यांचे या विषयावरचे निबंध १९५७ चे. टोकाशी ताण अनंत, असं गणित सांगतं. खऱ्या धातूत तो अनंत होत नाही, धातू तिथे आधीच नमतो. पण नमलेला भाग लहान असेल, तर त्याच्या भोवती १/√र चाच अंमल असतो. मग इंजिनिअर काय मोजतो? टोकावरचा ताण नाही, कारण तो आकडा निरर्थक आहे. तो १/√र चा गुणक मोजतो, त्याला स्ट्रेस इंटेन्सिटी फॅक्टर म्हणतात. तो गुणक त्या धातूच्या सहनशक्तीच्या आकड्याहून मोठा झाला की भेग पळत सुटते. म्हणजे आमच्याकडे सिंग्युलॅरिटीचं माप हेच उत्तर असतं.

मावशी: हे तू आधी का नाही सांगितलंस?

भाची: कारण पुढची गोष्ट माझ्या बाजूची आहे. पत्र्याचे त्रिकोणी-चौकोनी घटक पाडून हिशेब करायचा, तर भेगेच्या टोकाजवळ साधे घटक कमी पडत. म्हणून लोक त्या जागेसाठी खास घटक बनवत होते, प्रत्येकाचं वेगळं गणित, वेगळा प्रोग्रॅम. १९७५ मध्ये हेन्शेल आणि शॉ यांनी दाखवलं, आणि स्वतंत्रपणे बारसूमने १९७६ मध्ये, की खास घटकांची गरज नाही. नेहमीचाच घटक घ्या, ज्याच्या प्रत्येक बाजूला दोन टोकांना आणि मधोमध एक असे तीन बिंदू असतात. मधला बिंदू तेवढा सरकवा, टोकापासून निम्म्यावर होता तो पाव अंतरावर आणा. बस. १/√र आपोआप येतो. प्रोग्रॅमची एक ओळ बदलावी लागत नाही.

मावशी: थांब. तीन बिंदू, आणि त्यांच्यातून जाणारं वर्गसमीकरण. घटकाच्या आत मोजायचं माप य असू दे, ० पासून १ पर्यंत. य = ० ला अंतर ०, य = १ ला पूर्ण लांबी, आणि य = १/२ ला लांबीचा पाव हिस्सा. मग अंतर म्हणजे लांबी गुणिले य². अगं, हे तर क्ष = य² आहे!

भाची: तेच आहे.

मावशी: म्हणजे तुमच्या जाळीतला एक बिंदू सरकवणं आणि माझ्या वहीतलं सब्स्टिट्यूशन यांत फरकच नाही.

भाची: फरक आहे. तू ते प्रत्येक वेळी हाताने करतेस. आम्ही ते एकदाच जाळीत बसवलं आणि विसरून गेलो. जगभर किती तरी लोक पाव अंतरावर बिंदू ठेवतात, त्यांनी वर्गमूळाचा विचारही केलेला नसतो, आणि त्यांची उत्तरं बरोबर येतात. मला हवं आहे ते हेच. माणसाने एकदा नीट विचार करावा, मग यंत्राने तो हजार वेळा राबवावा. याचं मला सगळ्यांत आवडतं उदाहरण जपानमधलं आहे. हिदेतोशी ताकाहाशी आणि मासाताके मोरी, १९७४. त्यांनी असं सब्स्टिट्यूशन शोधलं जे घातांक विचारतच नाही. हायपरबोलिक साइनला हायपरबोलिक टॅन्जंटच्या पोटात घालायचं. मूळ अंतराची दोन टोकं दोन्हीकडे अनंतावर जातात, आणि तिथे फंक्शन इतक्या झपाट्याने विझतं, घातांकाच्या घातांकाने, की टोकाला −०.५ होतं, −०.३ होतं की लॉग होता, याने काहीच बिघडत नाही. उरलेल्यावर तुझाच तो समलंब नियम.

मावशी: त्या दोघांच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. समलंब नियम कुठे घातांकी वेगाने चालतो, हे ओळखून त्यांनी सगळ्या फंक्शन्सना तिथे नेऊन उभं केलं. पण −०.९९ वर चालवून बघ.

भाची: कळलं मला तुझं. −०.९९ साठी शून्याच्या खूप जवळ जावं लागणार.

मावशी: किती जवळ? संगणकाच्या नेहमीच्या दुप्पट अचूकतेच्या अंकगणितात पूर्ण अचूकतेने लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या साधारण १०⁻³⁰⁸. शून्यापासून तिथपर्यंतच्या पट्टीत क्षेत्रफळ किती उरतं ते काढ. १०० गुणिले १०⁻³⁰⁸ चं शंभरावं मूळ, म्हणजे १०० गुणिले १०⁻³·⁰⁸. साधारण ०.०८. यंत्राला माहीत असलेल्या सगळ्यांत लहान संख्येपर्यंत गेलीस, तरी १०० मधले ०.०८ त्याच्याही पलीकडे राहतात. कितीही सुंदर पद्धत असो, ९९.९२ च्या आसपास थांबणार.

भाची: आणि सिंग्युलॅरिटी शून्याऐवजी १ पाशी असेल तर आणखी आधीच थांबणार. हे मात्र आम्हाला रोज भेटतं. १/√(१−क्ष) घेतलं, तर १ च्या लगेच आधी संगणकाला जी संख्या माहीत आहे ती साधारण १०⁻¹⁶ इतकी मागे आहे. त्या फटीतलं क्षेत्रफळ २ गुणिले १०⁻⁸. म्हणजे यंत्र सोळा अंकांचं असूनही उत्तरातले आठच अंक भरवशाचे. पुन्हा १−क्ष ही वजाबाकी करताना अंक गळतात ते वेगळंच. म्हणून आम्ही नियमच केलाय, सिंग्युलॅरिटी कुठेही असो, आधी तिच्यापासूनचं अंतर हा नवा चल करायचा, म्हणजे ती शून्यावर येते. शून्यापाशी संगणकाच्या संख्या दाट असतात.

मावशी: हे शिकवायच्या पुस्तकांत क्वचित सापडतं.

भाची: आमच्याकडे ते चटके बसूनच शिकतात. पण मला खरी झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. अशी सिंग्युलॅरिटी, जी अंतरावर नाहीच. −१ ते १ मध्ये १ भागिले (क्ष² + ०.००१²) घे. कुठेही अनंत नाही, गुळगुळीत फंक्शन आहे, शून्यापाशी फक्त एक उंच सुळका. १०० पट्ट्या पाडल्या. मध्यबिंदूच्या नियमाने उत्तर आलं ४८७. समलंब नियमाने २०,१६२. खरं उत्तर ३,१४० च्या जरासं खाली. दोन सभ्य नियम, आणि खऱ्या उत्तरापासून एक सहापट खाली, दुसरा सहापट वर.

मावशी: सिंग्युलॅरिटी आहे, ती काल्पनिक दिशेला आहे. वास्तव रेषेपासून ०.००१ वर एक आणि ०.००१ खाली एक. रेषेवर ती दिसत नाही, पण तिची सावली पडते.

भाची: आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये ही परिस्थिती पावलोपावली येते. पत्र्याच्या कडेचे तुकडे पाडायचे, आणि पत्र्यातल्या एखाद्या बिंदूवर प्रत्येक तुकड्याचा परिणाम इंटिग्रेशनने काढायचा. बिंदू तुकड्याच्या अगदी जवळ असला की हा सुळका उभा राहतो. ०.००१ ही संख्या प्रत्येक जोडीसाठी वेगळी. याला तू कागदावर कुठवर पुरशील?

मावशी: कागदावर एकदाच. क्ष = ०.००१ गुणिले हायपरबोलिक साइन य. खालचा छेद हायपरबोलिक कोसाइनच्या वर्गात जातो, वरून एक कोसाइन येऊन त्यातला एक काढतो, आणि सुळक्याच्या जागी एक रुंद, बसकी टेकडी उरते. समलंब नियमाला वीस पट्ट्या पुरतात, चूक ०.१ च्या आत. आणि ०.००१ तुझ्या प्रोग्रॅमला शोधायला नको. बिंदू आणि तुकडा दोघांचे निर्देशांक तुझ्याकडे आधीच आहेत. ते दोघांमधलं लंब अंतर आहे.

भाची: म्हणजे प्रत्येक जोडीसाठी आधी लंब अंतर काढायचं. ते तुकड्याच्या लांबीच्या मानाने मोठं असेल तर गाउसची नेहमीची पद्धत, लहान असेल तर हे सब्स्टिट्यूशन.

मावशी: आणि अंतर शून्य निघालं तर? बिंदू तुकड्यावरच पडला तर?

भाची: तिथे लॉग किंवा १/क्ष उरतो. लॉगचा भाग वजा करून सूत्राने वेगळा काढायचा, बाकीचा गुळगुळीत उरतो. १/क्ष असेल तर दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर थांबून कोशीची मुख्य किंमत घ्यायची.

मावशी: ती घेण्याआधी १/क्ष चे दोन्ही बाजूंचे गुणक सारखे आहेत की नाहीत, ते तपास. तुकडा कोपऱ्यावर असला तर ते सारखे नसतात, आणि मग मुख्य किंमत अस्तित्वातच नसते. तुझा प्रोग्रॅम तरीही एक आकडा देईल.

भाची: कोपऱ्यांची यादी मी वेगळी ठेवते. तिथला घातांक मात्र कोपऱ्याच्या कोनावर अवलंबून असतो, दर कोपऱ्याला वेगळा.

मावशी: कोन सांग, घातांक काढून देते.